लाल खिडकीतला आवाज

माझ्या मावशीला रस्त्यावर कुणी ओळखत नाही. पण तिचा आवाज ज्याच्या कानावर पडला नाही असा माणूस आमच्या शहरात शोधूनही सापडायचा नाही. मोठ्या इस्पितळात रांगेतले नंबर पुकारते ती मावशी. बँकेला फोन लावल्यावर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं गोड बोलून आपल्याला ताटकळत ठेवायची तीही मावशीच. नव्या इमारतींच्या लिफ्टमध्ये दार बंद होत असल्याचं तीच सांगते. एकदा अशाच एका लिफ्टमध्ये ती स्वतः अडकली. आत ही एकटी दार बडवतेय आणि वरून हिचाच आवाज शांतपणे सांगतोय, ‘कृपया घाबरू नका.’ बाहेर आल्यावर म्हणाली, "मी लोकांना किती वैताग आणते, ते आज कळलं."

तिचं खरं नाव घरात कुणी घेत नाही. भावंडांत शेंडेफळ म्हणून बेबी, ती पंचावन्न ओलांडली तरी बेबीच. माझी आई मधली, ती आता नाही. सगळ्यांत थोरले मामा. ते पाणीपुरवठा खात्यात नळांचे आराखडे काढायचे. निवृत्त झाले आणि पाठोपाठ मामी गेली. मूलबाळ नव्हतं. मावशीनं लग्न केलेलं नव्हतं. मग ती आपली भाड्याची खोली सोडून दादाकडे राहायला आली. दोघांचं जमायचं. म्हणजे दिवसभर कुरबुर चालायची, पण एकाला जेवायला उशीर झाला की दुसरा ताट झाकून बसून राहायचा.

तिचं काम बाहेरून सोपं दिसतं. मी एकदा तिच्याबरोबर स्टुडिओत गेले होते. एका घराच्या मागच्या अंगाला गाडी ठेवायची जागा होती. तिलाच आतून फोम लावून, दाराला जाड रजई टांगून स्टुडिओ केलेला. आत पंखा लावायचा नाही, कारण माइकला त्याची घरघर ऐकू येते. हातातल्या बांगड्या दाराबाहेर काढून ठेवायच्या. कपडे सुती, सळसळ न करणारे. तोंड कोरडं पडलं की जिभेचा चिकट आवाज येतो, म्हणून सफरचंदाची एक फोड मधूनमधून चावायची. त्या दिवशी ती नुसते आकडे वाचत होती. प्रत्येक आकडा दोनदा: वाक्याच्या मध्ये येणारा ‘सत्तावीस’ थोडा वर उचलून, शेवटी येणारा ‘सत्तावीस’ खाली ठेवून. "मध्ये असला की पुढे काहीतरी यायचंय असं वाटलं पाहिजे," ती म्हणाली. "शेवटी असला की माणसानं निर्धास्त उठून खिडकीशी गेलं पाहिजे." काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट मान डोलवायचा. हे तुकडे नंतर कॉम्प्युटर जोडतो, आणि आपल्याला वाटतं, बाई समोर बसून बोलतेय.

आणखी एक गोष्ट तिनं मला सांगितली होती. घोषणा ऐकताना माणूस आधी शब्द ऐकत नाही, आधी बाई खरं बोलतेय का ते ऐकतो. तिथं खात्री पटली की शब्द आपोआप आत जातात. पंचवीस वर्षांत तिनं ही एकच विद्या घोटली होती.

एका हिवाळ्यात रेकॉर्डिस्टकडे एका एजन्सीचं काम आलं. कॉम्प्युटरला सुरक्षित ठेवणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात धोक्याच्या सूचना आपल्या भाषेत हव्यात, एवढंच सांगितलेलं. कागदावर सात-आठ वाक्यं. ‘सावधान. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. तुमचे फोटो, पासवर्ड आणि बँकेची माहिती धोक्यात आहे. समोर दिसणाऱ्या नंबरवर ताबडतोब फोन करा.’ मावशीनं वाचलं आणि विचारलं, "बंद का करायचा नाही?" रेकॉर्डिस्टनं एजन्सीला विचारून सांगितलं, मध्येच बंद केला तर फाइली खराब होतात म्हणे. तिला ते पटलं. मलाही पटलं असतं.

पहिला टेक तिनं जरा कडक दिला. एजन्सीकडून निरोप आला: पोलिसासारखं नको, घरातलं माणूस काळजीनं सांगतंय असं हवं. तिनं पुन्हा वाचलं. ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ हे वाक्य तिनं असं काही म्हटलं, की रेकॉर्डिस्ट म्हणाला, "बस, हाच." पैसे वेळेवर आले. ती विसरूनही गेली.

मामांना निवृत्तीनंतर कॉम्प्युटरनं तारलं होतं. ते त्यावर बुद्धिबळ खेळायचे; कुठल्या कुठल्या देशांतल्या, तोंड न पाहिलेल्या लोकांशी. हरले की स्वयंपाकघरात येऊन मावशीला सगळा डाव सांगायचे. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, "मग घोड्यानं काय केलं?" एवढं विचारून ती भाजी चिरत राहायची.

मग एका दुपारी मावशी स्टुडिओत होती. मामा एक जुना डाव शोधत होते. कुठल्याशा पानावर त्यांनी क्लिक केलं आणि अख्खा पडदा लाल झाला. वर मोठ्या कंपनीचं असावं असं चिन्ह, खाली फोन नंबर. बारीक भोंगा वाजायला लागला. माउस हलवला तरी खिडकीचा क्रॉस सापडेना. मामांनी आयुष्यभर पाण्याच्या लाइनी आखलेल्या. काही बिघडलं की आधी मुख्य चावी बंद करायची, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. ते उठलेही. भिंतीवरच्या बटणापर्यंत त्यांचा हात गेला होता.

तेवढ्यात भोंगा थांबला आणि बेबी बोलायला लागली.

संध्याकाळी मावशी घरी आली तेव्हा मामा खुशीत होते. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं.

"तुझी माणसं फार चांगली आहेत हं," मामा म्हणाले. "दोन तास बसला बिचारा फोनवर. जरासुद्धा चिडला नाही."

"कुठली माणसं?"

"अगं, तुमची ती सिक्युरिटीवाली. व्हायरस आला होता. मी बंदच करणार होतो मशीन, पण तू म्हणालीस बंद करू नका."

मावशी चप्पल काढत होती. एक पाय तसाच राहिला.

"मी म्हणाले?"

"तुझाच आवाज. मी काय ओळखणार नाही? आपलं माणूस सांगतंय म्हटल्यावर लावला फोन."

"दादा, काय म्हणाला आवाज? नीट सांग."

मामांनी आठवून आठवून सांगायला सुरुवात केली. "सावधान. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये..." दुसऱ्या वाक्यावर ते अडखळले आणि पुढची सगळी वाक्यं तिनंच म्हटली. हळू, एका सुरात. मामा कौतुकानं म्हणाले, "हां, अगदी हेच!"

मग तिनं विचारलं, त्या माणसानं काय काय करायला लावलं. मामांनी सगळं सांगितलं. त्यानं एक प्रोग्रॅम घालायला सांगितला, म्हणजे त्याला तिकडून पडदा दिसतो आणि माउसही चालवता येतो. त्यानं लाल फुल्यांची एक लांबलचक यादी दाखवली. हे सगळे चोर आत शिरलेत म्हणाला. मग खातं सुरक्षित आहे का ते बघू म्हणून बँकेचं पान उघडायला लावलं. फोनवर आलेले आकडे विचारले. मध्ये पडदा काळा झाला, तेव्हा ‘सफाई चालू आहे, हात लावू नका’ म्हणाला. "अजून चालूच आहे बघ," मामा म्हणाले. "सकाळपर्यंत तसंच ठेवायला सांगितलंय."

मावशी आतल्या खोलीत गेली आणि तिनं इंटरनेटची वायर उपटली.

"अगं, अगं! बंद करू नका म्हणालेत ते!"

"ते नाही म्हणाले, दादा. मी म्हणाले होते." तिनं पॉवरचं बटण दाबून धरलं, पडदा विझेपर्यंत. "आणि मी खोटं बोलले होते."

मामांना लगेच कळलं नाही. ती बँकेला फोन लावत होती. तिकडून तिचाच आवाज आला, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा.’ हातात फोन घेऊन ती स्वतःचं बोलणं ऐकत उभी राहिली. मामा तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि बघता बघता ते खुर्चीत खाली बसले.

मला तिचा फोन आला तसं मी धावले. मी पोचले तेव्हा खातं गोठवलं गेलं होतं. बँकेनं वाटेतली एक रक्कम अडवून धरली होती. बाकीची गेली होती. मामा-मामींनी म्हातारपणासाठी बाजूला टाकलेल्या पुंजीतला मोठा लचका तुटला होता. कितीचा, ते मी विचारलं नाही. बँकेतल्या माणसानं सांगितल्याप्रमाणे माझ्या फोनवरून आम्ही एकेक पासवर्ड बदलत गेलो. मामांना जुना पासवर्ड विचारला, तर तो मामीच्या नावाचा निघाला. नवा काय ठेवू म्हटल्यावर म्हणाले, "काहीही ठेव."

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या सायबर शाखेत गेलो. लांबट खोली, ओळीनं टेबलं, भिंतीशी बाकडी, बाकड्यांवर आमच्यासारखीच माणसं. आमच्या टेबलावरची अधिकारी बाई तरुण होती, पण डोळे दमलेले. तिनं सगळं लिहून घेतलं. रोजचंच असावं, असं भराभर लिहीत होती. मग पेन थांबवून मामांना म्हणाली, "काका, तुम्ही शिकलेले आहात. पेपरात येतं, बँकेचे मेसेज येतात. अनोळखी माणसाला असं आत कसं घेतलंत? विश्वास कसा बसला?"

मामांनी मान खाली घातली. "वय झालं. चुकलो."

मी मावशीकडे पाहिलं. मामांनी तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं. ज्या माणसानं जन्मभर एका मिलिमीटरची चूक कुणाची खपवून घेतली नाही, तो परक्या खोलीत चारचौघांसमोर स्वतःला भोळसट म्हणवून घेत होता.  कदाचित आदल्या रात्रीच त्यांचं हे ठरलं असावं.

"तसं नाहीये," मावशी म्हणाली. "त्या खिडकीतला आवाज माझा आहे. यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

"बेबी, तू गप्प बस."

"नाही दादा."

अधिकारी बाईनं तिला एकदा आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणून दाखवा."

आणि त्या खोलीत, पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या लोकांसमोर, मावशीनं ते म्हटलं. सावधान. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे. बाकड्यावरच्या दोघांनी एकदम माना वळवल्या. एक मध्यमवयाचा माणूस उठून उभा राहिला आणि परत बसला. 

त्यानंतर मावशीला पुष्कळदा बोलावणं आलं. पहिल्या खेपेला तर तिच्याकडे गुन्हेगाराकडे बघावं तसंच बघितलं. तिचा कॉम्प्युटर तपासला, खातं तपासलं, स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिस्टच्या मशीनवरची सगळी पत्रं काढली. रेकॉर्डिस्ट घाबरून रडला. एजन्सीच्या पत्त्यावर एक बंद गाळा निघाला, फोन लागत नव्हता. शेवटी अधिकारी बाईची खात्री पटली की ही माणसं नुसतीच वापरली गेली. त्या दिवशी तिनं मावशीला चहा दिला आणि एक गोष्ट समजावून सांगितली, जी आम्हाला कुणाला माहीत नव्हती.

"मावशी, ही खिडकी म्हणजे नुसतं एक पान असतं. बातम्यांचं असतं ना, तसंच. त्यातून आवाज काढतात, पडदाभर पसरवतात, क्रॉस लपवतात. कॉम्प्युटरमध्ये तेव्हा काहीही शिरलेलं नसतं. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबून धरलं की पडदाभर पसरलेलं पान बहुतेकदा लहान होतं, मग बंद करता येतं. नाहीच झालं तर सरळ पॉवरचं बटण दाबून मशीन बंद करायचं. परत चालू केल्यावर मागची पानं उघडू का विचारलं, तर नको म्हणायचं. संपलं. शिरतात ते फोन केल्यावर. कुठलीही खरी कंपनी असा नंबर पडद्यावर देऊन फोन करायला सांगत नाही."

"म्हणजे बंद केलं असतं तर काहीच झालं नसतं?"

"काहीच नाही."

 घरी येताना जिन्यात मावशी मला म्हणाली, "त्याचा हात बटणापर्यंत गेला होता गं."

आता मावशीचे ते महिने कसे गेले, ते मी जवळून पाहिलंय. मामांनी तिला एका शब्दानं दुखावलं नाही, आणि तेच तिला सोसत नव्हतं. एकदा ती त्यांच्यावर ओरडली, "एकदा तरी बोल मला! काहीतरी बोल!" मामा म्हणाले, "काय बोलू? मला तुझा आवाज ओळखता आला नसता, तर बरं झालं असतं का?"  मामांनी बुद्धिबळ सोडलं. दुपारी नुसते पडून राहायचे. घरातली कुरबुर बंद झाली, आणि कुरबुरीशिवाय ते घर ओळखू येईना.

बँकेला कुठूनसं कळलं. त्यांनी फार सभ्य भाषेत तिचे आभार मानले आणि फोनवरचा आवाज बदलून दुसऱ्या बाईचा घातला. मावशीनं एकदा नंबर फिरवून ऐकला. म्हणाली, "चांगली बोलते. ‘महत्त्वाचा’मधला ‘त्त्वा’ जरा खाते." नवीन कामं तिनं घेणं बंद केलं. इस्पितळाचं तेवढं चालू राहिलं, कारण त्यांना दर वर्षी नव्या विभागांची नावं लागतात. बाहेर ती कमी बोलायला लागली. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही आवाज बदलून, घसा दाबून सांगायची. मला ऐकवत नसे.

एके दिवशी औषधाच्या दुकानात ती रक्तदाबाच्या गोळ्या मागत होती. मी शेजारीच होते. मागून एक म्हातारी बाई म्हणाली, "परत बोला."

मावशी वळली. बाई सत्तरीच्या पुढची, नीटनेटकी, हातात चिठ्ठी. 

"आत्ता काय बोललात ते परत बोला."

"गोळ्यांची एक पट्टी द्या म्हणाले."

"तुम्हीच त्या," बाई म्हणाली. "कॉम्प्युटरमधल्या."

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. माझ्या तर तोंडात शब्द आलाच होता, ‘तुमचा काहीतरी गैरसमज होतोय.’ मावशी म्हणाली, "हो. मीच."

दुकानाबाहेर कट्टा होता, तिथं आम्ही बसलो. बाईनं आपली हकिकत सांगितली. नातवाचे फोटो बघताना लाल खिडकी आली, घरी कुणी नव्हतं, फोन केला. पुढचं सगळं मामांसारखंच. "गेलं ते गेलं," ती म्हणाली. "पण मुलांनी माझं बँकेचं कार्ड काढून घेतलं. चांगली आहेत हो मुलं, वाईट नाहीत. पण आता मेथीची जुडी घ्यायची तरी पैसे मागावे लागतात. फोनवर बोलताना सून दारात उभी राहते, कुणाशी बोलतेय बघायला. मी शाळेत मुख्याध्यापिका होते. घरात सगळी मला विचारून करायची."

मावशीनं गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकली.

"एक विचारू? खरं सांगाल?" बाई म्हणाली. "कॉम्प्युटरमध्ये खरंच काहीच नव्हतं? मुलं म्हणतात, काही नव्हतं. पण मला अजून वाटतं, असेलही. मग मी फोन केला ते बरोबरच होतं."

"काही नव्हतं," मावशी म्हणाली. तिनं घसा दाबला नव्हता. तो तिचा खरा आवाज होता. "एक अक्षर खरं नव्हतं. मला कागद दिला, मी वाचला."

"मग इतकं खरं कसं वाटलं हो?"

"तेच माझं काम आहे."

बाईनं हातातल्या चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाली, "हे माझ्या मुलांना येऊन सांगाल?"

मला वाटलं, मावशी टाळेल. ती त्याच संध्याकाळी गेली, आणि मला बरोबर नेलं. दोन मुलं आणि सून समोरच्या सोफ्यावर बसले होते, आणि बाई परीक्षेला बसल्यासारखी कडेच्या खुर्चीत. मावशीनं आधी आपण कोण ते सांगितलं. मोठा मुलगा ताडकन उठला. "तुम्हाला लाज नाही वाटत इथं यायला?"

"वाटते," मावशी म्हणाली. "पण मी एवढं सांगायला आले, की तुमची आई वेडी नाही. ऐकणाऱ्याच्या मनात शंका येऊ नये, हे मी पंचवीस वर्षं शिकलेय. माझ्या सख्ख्या भावाला शंका आली नाही. तुम्ही त्या दिवशी एकटे घरात असता, तर तुम्हालाही आली नसती. चोरांनी तुमच्या आईची अक्कल नाही चोरली. ती अजून आईंजवळच आहे. कार्ड त्यांचं त्यांना परत द्या."

मोठा खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. सून उठून पाणी घेऊन आली. आम्ही निघालो, तेव्हा धाकटा जिन्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "आईला आम्ही फार बोललो." पुढे आठवड्याभरानं बाईंचा मावशीला फोन आला. कार्ड मिळालं होतं. मोठ्या मुलानं ते देव्हाऱ्यातल्या समईशेजारी ठेवून दिलं होतं.

फोन आला त्या रात्री जेवताना मावशीनं मामांना हे सगळं सांगितलं. मामांनी प्रथमच नीट ऐकलं. ताटात हात थांबवून त्यांनी विचारलं, "किती जणांना असं झालं असेल गं?"

"अधिकारी बाई म्हणते, येतात त्यांच्या कितीतरी पट. लाजेनं सांगत नाहीत."

"हं," मामा म्हणाले. "मीही सांगितलं नसतं."

मुख्याध्यापिका बाईंनीच मग पुढाकार घेतला. त्यांच्या भागातल्या वाचनालयात ज्येष्ठांचा गट जमायचा, तिथं त्यांनी मावशीला बोलायला बोलावलं. मावशी कागद घेऊन बसली, पण काय लिहावं सुचेना. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायची सवय; स्वतःचं वाक्य तिला जमेना. मामा दारात उभे राहून बघत होते.

"मशीनशिवाय काय समजणार आहे लोकांना?" ते म्हणाले. "खिडकी दाखवायला हवी, बंद करून दाखवायला हवी."

"मला नाही येत ते."

"तू बोल. बंद मी करतो."

ओंडक्यासारखे पडून राहणारे मामा दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसले. अधिकारी बाईकडून त्यांनी खोट्या खिडकीचा निरुपद्रवी नमुना मागून आणला, आणि पाण्याच्या लाइनीचा नकाशा काढावा तशा चिकाटीनं ती उघडायची कशी, लहान कशी करायची, अडली तर काय, हे घोटून घोटून बसवलं. वाचनालयात मी मागच्या रांगेत होते. आधी पडदा लाल झाला, भोंगा वाजला, मग मावशीचा रेकॉर्ड केलेला आवाज. चार-पाच माणसं खुर्चीत दचकली. मग मावशी उठली आणि त्याच आवाजात म्हणाली, "हा आवाज माझा आहे. आणि तो खोटं सांगतोय."  मामा मोठ्यानं म्हणाले, "आता हे बटण बघा. दाबून धरायचं. सोडायचं नाही." खिडकी लहान झाली. मामांनी ती मिटवली. "भोंग्यानं गांगरू नका. जमलं नाही तर मुख्य चावी बंद. मशीन फुटत नाही. मी फोन केला होता, म्हणून सांगतोय."

ते ‘मी फोन केला होता’ त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की एका कोपऱ्यातून एक आजोबा म्हणाले, "मीपण." मग आणखी एकजण.

पोलिसांची फाइल अजून उघडीच आहे. बँकेनं अडवून धरलेलं परत मिळालं, बाकीचं नाही मिळालं आणि मिळेल असं आम्ही कुणी धरूनही चालत नाही. ती खिडकी आजही कुठल्या ना कुठल्या पत्त्यावर उगवते. कुणीतरी मावशीला कळवतं, ती सायबर शाखेला कळवते, तो पत्ता बंद होतो, काही दिवसांनी दुसरा निघतो. आत आवाज तिचाच. ‘मी मेल्यावरही बोलत राहीन बघ तिथून,’ असं ती एकदा म्हणाली, आणि ते मला हसण्यावारी नेता आलं नाही. कामं तिनं परत घ्यायला सुरुवात केली आहे, पण आता आधी विचारते: हे कोण ऐकणार, कुठं लागणार, कंपनीचं दार मला बघायला मिळेल का. निम्मी कामं त्या प्रश्नांवरच परत जातात.

मामा पुन्हा बुद्धिबळ खेळतात, पूर्वीइतकं नाही. महिन्यातून एक-दोनदा दोघं कुठल्या तरी सभागृहात, सोसायटीत, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन बोलून येतात. परतताना गाडीत भांडण ठरलेलं. मामा बटणांचं फार लांबवतात, लोक जांभया द्यायला लागतात, असं तिचं म्हणणं. ती फार थांबून थांबून बोलते, म्हाताऱ्यांना वाटतं संपलं आणि ते टाळ्या वाजवतात, असं त्यांचं. मी पुढच्या सीटवरून ऐकते.